पुढच्या गाडीपासून तीन सेकंद: हायवेवर, घाटात आणि पावसात अंतर कसं राखायचं

उंब्रजच्या अलीकडे, सकाळी आठच्या सुमारास मी एका टेम्पोला धडकलो होतो. रस्ता कोरडा, ऊन स्वच्छ, माझा वेग सत्तर-पंचाहत्तर. टेम्पोत टोमॅटोचे क्रेट होते आणि त्यांच्यावर लिहिलेलं व्यापाऱ्याचं नाव मला वाचता येत होतं, इतका मी त्याच्या मागे चिकटलो होतो. दुभाजकाच्या फटीतून एक मोटरसायकल आडवी आली आणि टेम्पोवाल्यानं ब्रेक मारला. मीही मारला, अगदी पूर्ण जोर लावून. तरी माझं बोनेट त्याच्या फाळक्याखाली गेलंच. रेडिएटर फुटला, बायकोच्या खांद्याला पट्ट्याचा काळानिळा वळ उठला, बाकी कुणाला काही झालं नाही. टेम्पोवाला उतरला, आधी बायकोला पाण्याची बाटली दिली आणि मग मला म्हणाला, "दादा, मी तुम्हाला आरशात केव्हापासून बघतोय. एवढं चिकटून काय मिळत होतं?"

त्याचा प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर कराड-पुणे रस्त्यावर मी शेकडो फेऱ्या केल्या आणि गेल्या वर्षी भाचीला गाडी शिकवली. या काळात अंतराबद्दल जे समजून घेतलं, वापरून पाहिलं आणि शिकवलं, ते इथे क्रमानं लिहितो आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात ४,६१,३१२ अपघात झाले. त्यांत सर्वाधिक वाटा मागून धडकण्याचा होता, म्हणजे पाचांतल्या एकाहून थोडा जास्त. समोरासमोरच्या टकरीत चूक बहुतेकदा समोरच्याची असते असं आपण म्हणतो. पुढच्या गाडीपासून किती लांब राहायचं, हे मात्र सर्वस्वी आपल्याच पायात असतं.

आधी हिशोब, कारण तो एकदा पटला की पाय आपोआप उचलला जातो

ताशी ८० च्या वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. क्रिकेटची खेळपट्टी यष्टीपासून यष्टीपर्यंत २० मीटरच्या किंचित पुढे असते. म्हणजे "अरे" म्हणेपर्यंत तुम्ही एक अख्खी खेळपट्टी ओलांडलेली असते आणि पाय अजून अॅक्सिलरेटरवरच असतो.

थांबण्याचे दोन भाग असतात. पुढचा दिवा लाल झाला, डोळ्यांनी पाहिलं, डोक्यात शिरलं, पाय उचलून ब्रेकवर गेला, इतक्यात साधारण दीड सेकंद जातो. त्या दीड सेकंदात गाडी पूर्ण वेगात पळत असते. ब्रेक लागल्यावर जी गाडी घसटत थांबते, तो दुसरा भाग. चांगले टायर, कोरडा डांबरी रस्ता आणि पूर्ण दाबलेला ब्रेक धरला, तर ताशी ६० ला दोन्ही मिळून जवळपास ४५ मीटर लागतात. ८० ला ६८, १०० ला ९७ आणि १२० ला १३० च्या आसपास. वेग ६० वरून १२० झाला, म्हणजे दुप्पट. थांबायचं अंतर मात्र तिपटीच्या जवळ गेलं. घसटण्याचा भाग वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणून असं होतं. दुप्पट वेगाला तो चौपट होतो.

आता प्रश्न येतो, दोन सेकंद की तीन? परदेशातल्या अनेक पुस्तिकांत दोन सेकंद सांगतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही २०१८ च्या एका निकालात, रस्ता आणि हवामान उत्तम असेल तर किमान दोन ते तीन सेकंदांचं अंतर, असा ढोबळ ठोकताळा सांगितला. त्या खटल्यात कार ट्रकच्या मागे जेमतेम १०-१५ फुटांवरून चालली होती आणि ट्रकनं ब्रेक लावल्यावर मागून आदळली होती. न्यायालयानं निष्काळजीपणा कारचालकाचा धरला.

दोन सेकंदांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. पुढची गाडी ब्रेक लावून थांबेल, म्हणजे थांबेपर्यंत तीही काही अंतर पुढे जाईल आणि ते तुम्हाला मिळेल. आपल्या रस्त्यावर पुढची गाडी कधी कधी ब्रेक लावून थांबत नाही, आदळून थांबते. तिच्यापुढे बिनदिव्यांचा बंद पडलेला ट्रक असतो, उलट्या दिशेनं आलेला ट्रॅक्टर असतो, नाहीतर आडवी आलेली म्हैस असते. मग तुम्हाला तिच्या घसटण्याचं अंतर मिळत नाही. जेवढी जागा मधे होती, तेवढ्यातच थांबावं लागतं. ताशी ८० ला तीन सेकंद म्हणजे ६७ मीटर, आणि थांबायला लागणारं अंतरही ६८. म्हणून मी तीन धरतो. ८० च्या वर गेलो की चार. १०० ला चार सेकंदांत १११ मीटर मिळतात आणि गरज ९७ ची असते. समृद्धी महामार्गावर १२० नं चाललात, तर चार सेकंद म्हणजे १३३ मीटर, जेमतेम पुरतील इतके.

मोजायचं कसं

मीटरमध्ये अंदाज बांधायला जाऊ नका. चालत्या गाडीतून ५० मीटर आणि ७० मीटर यांतला फरक भल्याभल्यांना सांगता येत नाही. सेकंद मात्र मोजता येतात, आणि वेग कुठलाही असला तरी मोजायची रीत तीच राहते.

पुढची गाडी एखाद्या ठरलेल्या जागेवरून जाऊ द्या. ओव्हरब्रिजची सावली सगळ्यात उत्तम, कारण ती रस्त्यावर आडवी, काळी आणि स्पष्ट असते. सावली नसेल तर रस्त्यावरचा डांबराचा जोड, दिशादर्शक कमान, कडेचं बाभळीचं झाड, काहीही चालेल. पुढच्या गाडीचा मागचा बंपर त्या खुणेवरून गेला की मोजायला लागा: एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन. तुमचं बोनेट तिथे पोहोचायच्या आत "तीन" म्हणून झालं पाहिजे. "दोन"लाच पोहोचलात, तर जागा कमी आहे.

"एक हजार एक" म्हणायला किती वेळ लागतो, हे ज्याच्या त्याच्या जिभेवर आहे. घरी बसून फोनवर स्टॉपवॉच लावा आणि दहापर्यंत असं मोजून पाहा. दहा सेकंद यायला हवेत. माझी भाची पहिल्यांदा साडेसहा सेकंदांत दहापर्यंत पोहोचली होती. म्हणजे तिचे तीन सेकंद खरे तर दोनच होते!

ही सवय आधी शेजारच्या सीटवर बसून लावा. दुसरं कुणी चालवत असताना तुम्ही मोजा, कारण तेव्हा हातात स्टिअरिंग नसतं आणि लक्ष पूर्ण देता येतं. आठवडाभर असं केलं की चालवताना सारखं मोजावं लागत नाही. तीन सेकंद डोळ्यांना कसे दिसतात, हे नजरेत बसतं. तरी अर्ध्या-पाऊण तासानं एकदा मोजून घ्या. बराच वेळ एका वेगात चाललं की डोळे त्या वेगाला सरावतात आणि अंतर नकळत खात जातात. टोलनाक्यावरून निघाल्यावर, चहा घेऊन परत रस्त्याला लागल्यावर आणि अंधार पडल्यावर मी न चुकता मोजतो.

जागा करायची ती ब्रेकनं नाही

अंतर कमी आहे असं कळलं की नवखा माणूस ब्रेक दाबतो. त्याचे ब्रेकलाईट लागतात, मागचा दचकतो आणि त्याच्या मागचा त्याहून जोरात दाबतो. एवढ्यासाठी अॅक्सिलरेटरवरून पाय नुसता हलका करा. वेग ८० वरून ७५ वर येऊ द्या आणि पुढच्याला जाऊ द्या. पाच किलोमीटरच्या फरकानं एक सेकंदाची जागा तयार व्हायला साधारण पंधरा-सोळा सेकंद लागतात. घाई नसते, मागच्याला कळतही नाही.

नजर कुठे ठेवायची, हेही याच कौशल्यात येतं. पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटवर डोळे खिळवू नका. तिच्या काचेतून, तिच्या बाजूनं, तिच्याही पुढच्या दोन-तीन गाड्या बघा. तिसऱ्या गाडीचा ब्रेकलाईट लागला की तुमचा पाय उचलला गेला पाहिजे. हे दिसायलासुद्धा अंतरच लागतं. ट्रकच्या बुडाला लागून चाललात तर समोर फक्त त्याचं फाळकं दिसतं आणि जगाची बातमी तुम्हाला त्याच्या ब्रेकलाईटवरून कळते. तो लाईट चालू असेलच याची काय खात्री?

तीनावर कधी भर घालायची

पाऊस हे पहिलं कारण. ओल्या रस्त्यावर टायरची पकड बरीच कमी होते. कोरड्यात ताशी ८० ला ६८ मीटरमध्ये थांबणारी गाडी ओल्यात ९५ मीटरपर्यंत जाऊ शकते. म्हणजे चार सेकंदांहूनही जास्त लागतात, पाच धरा. जूनच्या पहिल्या एक-दोन सरी सगळ्यात वाईट. उन्हाळाभर सांडलेलं तेल, रबराचा चुरा आणि धूळ यांचा पाण्यात पातळ चिखल होतो आणि चाक साबणावर गेल्यासारखं सरकतं. आठवडाभर धो-धो पडून रस्ता धुतला गेला की थोडं सुधारतं; पण मग खोलगट जागी पाणी साचतं आणि वेगात त्यावर गेलं की टायर पाण्यावर तरंगतो, स्टिअरिंग अचानक हलकं लागतं. तेव्हा ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग सरळ धरा आणि पाय उचला. टायरची नक्षी कायद्यानं किमान १.६ मिलिमीटर लागते. पण पावसाळ्याला सामोरं जाताना तेवढ्यावर राहणं मला धाडसाचं वाटतं.

शेताच्या वाटा जिथे हायवेला मिळतात, तिथे ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला काळा चिखल डांबरावर पसरलेला असतो. पाऊस नसतानाही तेवढा तुकडा ओला रस्ताच समजा.

धुक्यात सेकंदांपेक्षा वेग आधी ठरवा. जितकं दिसतं तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवायचा. धुक्यात पुढच्याचे लाल दिवे धरून चालावंसं वाटतं आणि माणूस न कळत जवळ सरकतो. तसं करू नका. रात्रीही हाच न्याय. लोअरचा उजेड फार लांब जात नाही, आणि कुणाच्या मागे असताना अप्पर लावून त्याच्या आरशात प्रकाश मारायचा नसतो. म्हणून रात्री मी चार सेकंदांच्या खाली येत नाही.

गाडीत पाच माणसं, डिकी भरलेली आणि वर कॅरिअरला बॅगा असतील, तर एक सेकंद आणखी. झोप अपुरी झाली असेल, ताप असेल, घरी भांडण होऊन निघाला असाल, तरीही. दीड सेकंदाचा तो पहिला भाग अशा दिवशी दोन-अडीच होतो.

पुढे कोण आहे, यावरही अंतर ठरतं

एसटीच्या मागे चालताना हे धरून चाला की ती थांबणार आहे. थांबा असो नसो, हात केलेला माणूस दिसला की चालक गाडी कडेला घेतो. तिच्यामागे अडकलात तर चार सेकंद ठेवा आणि फाट्यांवर लक्ष ठेवा. रिक्षा आणि वडाप, म्हणजे सीटवर माणसं भरणाऱ्या जीपा, यांचंही तेच. इंडिकेटरची वाट पाहू नका.

भरलेल्या ट्रकपेक्षा रिकामा ट्रक पटकन थांबू शकतो, त्यामुळे "मोठी गाडी आहे, हळूच थांबेल" या भरवशावर राहू नका. सळया, पाइप, बांबू मागे बाहेर काढलेल्या गाडीचं अंतर तिच्या फाळक्यापासून मोजायचं नसतं, सळयांच्या टोकापासून मोजायचं असतं. त्या टोकाला बांधलेलं लाल फडकं रात्री दिसत नाही. अशा गाडीच्या मागे मी थांबतच नाही. सुरक्षित जागा मिळाली की पुढे जातो, नाहीतर दुसऱ्या लेनमध्ये.

आणि ऊस. दिवाळीनंतर मार्चपर्यंत कराड, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात रस्त्यावर ऊसवाहतुकीचं राज्य असतं. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मोळ्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या, वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पानांनी, मागचे दिवे झाकलेले, रिफ्लेक्टरवर चिखल. ट्रॅक्टरवर गाणी इतक्या मोठ्यानं लावलेली असतात की हॉर्न ऐकू जात नाही. तोडणी आणि वाहतूक करणारी ती माणसं रात्र-रात्र जागून काम करतात, हे मला माहीत आहे. कारखान्यांनी दिवे आणि रिफ्लेक्टरची सोय करून दिली पाहिजे, हेही मी जिथे बोलायचं तिथे बोलतो. पण आज रात्री त्या ट्रॉलीला दिवा नाही, हे धरूनच चालवावं लागतं.

इथे तीन सेकंदांचा नियम अपुरा पडतो. तो नियम दोन्ही गाड्या सारख्याच वेगात असतील तेव्हाचा आहे. ट्रॉली ताशी वीस-पंचवीसनं चाललेली असते आणि तुम्ही ८० नं. तुम्ही दर सेकंदाला तिच्या जवळ १५-१६ मीटर सरकत असता. ५० मीटरवर दिसली तर हाताशी तीन सेकंद उरतात, आणि त्यातला दीड तर ती ट्रॉली आहे हे ओळखण्यातच जातो. त्यामुळे हंगामात रात्री या पट्ट्यात मी साठच्या वर जात नाही आणि डावी लेन टाळतो. पुढचा काळा आकार मोठा होत चाललाय असं वाटलं, की नीट दिसायची वाट न पाहता पाय उचलतो. रस्त्यावर उसाची कांडकी किंवा पाचट पडलेलं दिसलं, तर पुढे कुठेतरी ट्रॉली आहे असं समजा.

घाट आणि लांब उतार

चढावर पुढचा ट्रक थांबला तर तो गिअरमध्ये येताना मागे सरकू शकतो. म्हणून चढावर थांबताना किमान एका गाडीची जागा सोडा.

उताराचा धोका वेगळा. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेक तापतात आणि हळूहळू त्यांची पकड जाते. जळल्यासारखा वास येतो आणि पॅडल दाबलं तरी गाडी पूर्वीसारखी आवरत नाही. अंतर असेल तर ब्रेक थोडाच लागतो, ब्रेक थोडा लागला तर तापत नाही. म्हणजे उतारावर अंतर ठेवल्यानं पुढच्या गाडीपासून तर वाचताच, शिवाय स्वतःचे ब्रेकही वाचतात. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून किंवा इंजिन बंद करून उतरणं म्हणजे अर्धे ब्रेक काढून ठेवणं आहे.

साताऱ्याकडून पुण्याला येताना खंबाटकीचा बोगदा संपल्यावर उतारावर इंग्रजी 'एस'सारखं वळण लागतं. या वळणानं वर्षानुवर्षं माणसं खाल्ली आहेत. बोगद्यातून एकदम उजेडात आल्यावर एक-दोन क्षण नीट दिसत नाही, नेमका तेव्हाच उतार आणि वळण येतं. बोगद्यात शिरण्याआधीच पुढच्याशी चार-पाच सेकंद करून घ्या. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतारही तसाच. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका अवजड गाडीनं उतारावरून येऊन एकामागून एक कितीतरी गाड्या ठोकल्या. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ २६ जुलै २०२५ ला ब्रेक निकामी झालेला कंटेनर सुमारे वीस गाड्यांवर गेला.

हे वाचून कुणी म्हणेल, मागून येणाऱ्या कंटेनरपुढे माझ्या पुढच्या अंतराचा काय उपयोग? उपयोग आहे. पुढे जागा असेल तर आरशात तो दिसताक्षणी तुम्ही लेन बदलू शकता, कडेला घुसू शकता, निदान पुढे सरकू शकता. पुढच्याच्या बंपरला टेकून उभे असाल तर दोन लोखंडांच्या मधे अडकता.

रांग लागली की

सातारा-कागल सहापदरीकरणाच्या कामात जागोजागी वाहतूक सर्व्हिस रोडला वळवलेली असते आणि वळणावर अचानक रांग दिसते. अशा वेळी लांबूनच वेग कमी करायला लागा. ब्रेकच्या पॅडलला दोन-तीनदा हलकेच स्पर्श करा, म्हणजे मागच्याला दिवा दिसेल, आणि थांबत आलात की हॅझर्ड लावा. थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसली पाहिजेत. ती दिसतात तेव्हा मधे एवढी जागा असते की पुढची बंद पडली तरी रिव्हर्स न घेता बाजूनं निघता येतं. थांबल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवा आणि मागे निदान दोन गाड्या येऊन थांबेपर्यंत आरशातली नजर हलवू नका. रांगेचं शेपूट ही हायवेवरची सगळ्यात वाईट जागा.

"मामा, एवढी जागा सोडली तर कुणीतरी घुसणारच की"

भाचीचा हा प्रश्न पहिल्याच दिवशी आला. अंतर न ठेवण्याचं खरं कारण हेच आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट देतो.

घुसू द्या. कुणी मधे आला की तुम्ही पाय हलका करून पुन्हा तीन सेकंदांची जागा करता. यात तुमचं नुकसान किती? तीन सेकंद. कराडहून पुण्याला जाईपर्यंत वीस जण घुसले तर वीस गुणिले तीन, म्हणजे साठ सेकंद. तीन तासांच्या प्रवासात एक मिनिट! खेड-शिवापूरच्या टोलवर सुट्या पैशांवरून किंवा फास्टॅगवरून वाद घालणारा एखादा पुढे निघाला, तर त्याहून जास्त वेळ जातो.

एक दिवस आम्ही खरंच मोजलं. भाची चालवत होती आणि मी मधे घुसणाऱ्या गाड्यांच्या रेघा वहीत ओढत होतो. कराड ते सातारा अकरा जण घुसले. त्यांतल्या चौघांना आम्ही साताऱ्याच्या अलीकडे, ट्रकच्या रांगेमागे उभं असलेलं पाहिलं. तिच्या मनातली ती "जागा गेली" ही चुटपुट त्या वहीनं संपवली. माझ्या व्याख्यानानं संपली नव्हती.

कुणी तुमच्या मागे चिकटला तर

मागचा डिपर मारतोय, बंपरला लागलाय, अशा वेळी त्याला धडा शिकवायला ब्रेकला टिचकी मारणं हा अपघाताला आमंत्रण देण्याचा प्रकार आहे. कायदाही त्यात तुमच्या बाजूनं उभा राहणार नाही. तमिळनाडूतल्या कोईमतूरजवळ २०१७ मध्ये एका कारनं महामार्गावर अचानक ब्रेक लावला, कारण आत बसलेल्या गरोदर पत्नीला उलटी होत होती. मागचा मोटरसायकलवाला कारवर आदळून पडला आणि त्याच्या पायावरून बस गेली. पाय कापावा लागला. सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये कारचालकाला ५० टक्के, बसचालकाला ३० टक्के आणि पुरेसं अंतर न ठेवल्याबद्दल त्या जखमी मोटरसायकलस्वारालाही २० टक्के जबाबदार धरलं. कारण कितीही खरं असलं, तरी महामार्गावर इशारा न देता थांबायचं नाही, आणि मागच्यानं अंतर राखायचं, या दोन्ही गोष्टी त्या एका निकालात आहेत.

तेव्हा मागे कुणी चिकटला, तर पुढचं अंतर वाढवा. तीनाचे पाच सेकंद करा. मागच्याकडे थांबायला जागा नाही, म्हणून त्याच्या वाट्याची जागाही तुम्हीच पुढे राखायची. म्हणजे गरज पडली तर तुम्ही हळूहळू ब्रेक लावू शकाल आणि तो धडकणार नाही. जमेल तितक्या लवकर डावीकडे घेऊन त्याला साईड द्या.

दुचाकीवाल्यांसाठी

तुमचं अंतर चारचाकीपेक्षा कमी नको, जास्तच हवं. कारच्या मागे चिकटून चालताना खड्ड्याचा घात होतो. कार खड्डा दोन चाकांच्या मधून काढते आणि तो तुम्हाला तिच्या पोटाखालून अचानक तुमच्या पुढच्या चाकासमोर दिसतो. तीन सेकंद असतील तर वळसा घालता येतो. कारच्या बरोबर मधोमध न राहता तिच्या चाकाच्या रेषेत चाला, म्हणजे पुढचा रस्ताही दिसतो आणि चालकाच्या आरशात तुम्हीही दिसता. ट्रकच्या मागे पावसात उडणाऱ्या फवाऱ्यात शिरू नका; हेल्मेटची काच दोन क्षणांत आंधळी होते. मागे घरचं माणूस बसलं असेल तर एक सेकंद आणखी द्या, कारण जोरात ब्रेक लागला की त्यांचं सगळं वजन तुमच्या पाठीवर येतं.

गाडीतल्या नव्या सोयी

एबीएसमुळे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होत नाहीत आणि स्टिअरिंग वळवता येतं. त्यामुळे गाडी कमी अंतरात थांबतेच असं नाही. सुट्या खडीवर तर कधी जास्तच लागतं. पुढच्या गाडीप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा क्रूझ कंट्रोल असेल, तर त्यात अंतराच्या दोन-चार पायऱ्या असतात. सगळ्यात लांबची निवडा आणि एकदा स्वतः सेकंद मोजून ती खरंच पुरेशी आहे का ते पाहा. चिखलानं किंवा पावसानं सेन्सर झाकला गेला तर ही यंत्रणा बंद पडते. बिनदिव्यांची, वेड्यावाकड्या आकाराची उसाची ट्रॉली तिला ओळखता येईल, या भरवशावर मी माझी माणसं बसवणार नाही.

भाड्याच्या गाडीत मागे बसलात तर

लग्नाला, देवदर्शनाला, गणपतीत कोकणात जाताना स्टिअरिंग आपल्या हातात नसतं. चालक चिकटून चालवत असेल तर लोक मुठी आवळून बसतात, पण बोलत नाहीत. बोला, फक्त त्याच्या कौशल्यावर बोट ठेवू नका. निघतानाच सांगा, "दादा, आम्हाला पोहोचायची घाई नाही, अर्धा तास उशीर झाला तरी चालेल." बहुतेक वेळा तो मालकाच्या किंवा पुढच्या भाड्याच्या घाईत असतो, आणि या एका वाक्यानं ती घाई उतरते. वाटेत पुन्हा चिकटायला लागला तर मी म्हणतो, "दादा, सारखा ब्रेक लागला की आईला मळमळतं, जरा लांबून घ्या ना." आजवर एकाही चालकानं याला नाही म्हटलेलं नाही. त्याला जेवायला आपल्याबरोबरच बसवा आणि रात्रीचा प्रवास असेल तर दोन तासांनी चहाला थांबा. तुम्ही पुढच्या सीटवर असाल तर झोपू नका. ओव्हरब्रिजची सावली आली की मनातल्या मनात मोजत राहा.